लहरींचा पहिला मानकरी

देवपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या कोकिळा मॅडमनी दोन इंग्रज शास्त्रज्ञांची दीडशे वर्षांपूर्वीची पत्रं चार वर्षं डोळे फोडून वाचली. लहरींचं गणित आधीच मांडून गेलेल्या एका माणसाला जग कसं विसरलं, याची हळहळ त्या पत्रांत होती.

जळगावच्या परिषदेत मात्र मॅडमचं ते संशोधन त्यांच्या विभागाचे प्रमुख भंगाळे सरांनी खुशाल स्वतःचं म्हणून वाचलं. एकही पत्र न उघडलेले सर कळवळून म्हणाले, "राबला तो, आणि त्याचं साधं नावही कुणी घेतलं नाही!"

टाळ्या थांबल्यावर कोकिळा मॅडम उठल्या.

"सर, काय हो त्याचं नाव?"

सरांनी सगळे कागद उलटेपालटे केले.



"नावाचं जाऊ द्या हो मॅडम, काम महत्त्वाचं!"