गोबूची पाठवणी

बोटाएवढा पांगस मासा आणला होता आम्ही. सहा वर्षांनी गोबूला काचेच्या टाकीत वळताही येईना, तेव्हा माझ्या बायकोचा, शेफालीचा, भाऊ पोल्टूदा त्याला आपल्या तळ्यात सोडायला तयार झाला.

"दादा, त्याचा रस्सा केलास तर भाऊबीजेला तुझ्या कपाळी माझा टिळा लागायचा नाही."

"अगं, जावई म्हणून ठेवतो त्याला," गोबूला न्यायला आणलेल्या भल्यामोठ्या हंडीतलं पाणी हाताने थोपटत पोल्टूदा म्हणाला.

आम्हा बंगाल्यांच्या लग्नात मुलीच्या घरी पाठवायच्या माशाला लावतात, तसा शेफालीने गोबूच्या कपाळाला सिंदूर लावला. आमच्याकडे निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. "ये हं, बाळा," ती म्हणाली.

टाकी मी रिकामी केली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि परत जागेवर ठेवली. तो ओकाबोका कोपरा शेफालीला बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी चार वाजता, गोबूच्या खाण्याच्या वेळी, काचेवर टकटक झाली. कपाळ आपटून तो खायला मागायचा, अगदी तशी.

काचेवर सिंदुराचा ओला ठिपका होता. मी बोटाने पुसून पाहिला. तो पुसला जाईना. आतल्या बाजूने होता.

मी पोल्टूदाला फोन लावला. "मजेत आहे की. आत्ताच घाटाशी येऊन गेला."

शेफालीने तोवर गोबूच्या खाण्याचा डबा उघडला होता. "आले रे, किती ती घाई," म्हणत तिने कोरड्या टाकीत चिमूटभर दाणे सोडले.

दाणे तळाशी पडलेच नाहीत. पूर्वी पाणी असायचं त्या उंचीवर ते तरंगत राहिले, आणि मग एकेक करून नाहीसे होऊ लागले.