चौदावा दिवा

दवाखान्याच्या अंगणात तेरा माणसं उन्हाकडे पाठ करून बसली होती. पाठीवर लावून घेतलेल्या सोलर कातडीतून त्यांची वीज आतल्या काचपेटीला जात होती, आणि पेटीत सातव्या महिन्यातच जन्मलेली पोर होती.

"मला उठव गं. माझ्यापायी सगळ्यांचा करंट पडतोय," म्हातारे भागोजी आप्पा म्हणाले. खरंच होतं ते. एका माळेत जोडलं की सगळ्यात अशक्त पाठ बाकीच्यांनाही खाली ओढते.

"बसा गुमान," वायरमन यशोदा म्हणाली. माळ सोडवून तिने नवा कंट्रोलर लावला. त्यात प्रत्येक पाठीला वेगळी जागा होती. ज्याचं जेवढं, तेवढं तो घ्यायचा.

एकेक करत कंट्रोलरवरचे तेरा दिवे लागले. आणि मग चौदावा लागला.

त्या जागेत यशोदाने फक्त पोरीच्या पाठीवरची, ताप मोजायची वायर खोचली होती. ती धावत आत गेली. खिडकीतलं ऊन त्या मूठभर पाठीवर पडलं होतं, आणि पाठ निळसर चमकत होती. ही कातडी घेऊन आजवर कुणी जन्मलं नव्हतं.

बाहेर येऊन तिने चौदाव्या जागेचा आकडा वाचला. आप्पांइतकाच होता तो.

आप्पांनी डोळे पुसले. "मग आम्हां दोघांना एका माळेत घाल," ते म्हणाले. "आमची जोडी जुळतेय."