ट्युबाच्या वाट्याचे दोन सूर

आमच्या ब्रास बँडचे मास्तर म्हणजे माझे यजमान. नवी धून बसवताना त्यांनी कॉर्नेटला गिरक्या दिल्या, ट्रॉम्बोनला घसरगुंड्या दिल्या आणि माझ्या भल्यामोठ्या ट्युबाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनच सूर.

"एखादी ओळ मलाही द्या की," मी म्हटलं.

"खालच्या वाद्यांना फार बोलू दिलं की सगळं गढूळ होतं. तू पाया आहेस. पाया कधी बोलतो का?"

पटलं मला. एवढे मोठे मास्तर, खोटं कशाला सांगतील?

कार्यक्रमाला निघताना मास्तरांनी सगळं घर पालथं घातलं. "अगं, माझा चष्मा कुठंय? स्टेजवर नोटेशन कसं वाचू?"

"पों," मी म्हटलं.

"म्हणजे कुठे?"

मग मी उरलेला दुसरा सूरही लावला.