पहिला अर्थ, दुसरा अर्थ

माझा नवरा मनिष झाडीबोलीचा शब्दकोश करतो आहे. तो गावोगावी फिरून म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाइलमध्ये भरून आणतो आणि मी साकोलीला घरी बसून ते टाइप करते. त्याचा नेम ठरलेला आहे. आधी शब्द, मग सगळ्यांत जास्त चालणारा अर्थ, मग त्यालाच फुटलेले बाकीचे.

एका रेकॉर्डिंगमध्ये सानगडीचे गोमाजी 'तोंड' या शब्दाचे अर्थ सांगत होते. आधी माणसाचं, मग तलावाचं, मग फोडाचं. तेवढ्यात एक बाई हळूच म्हणाली, "अजी, आयकलं का? मडक्याचं राह्यलं ना."

मनिषला अशी हाक फक्त मी मारते.

"कोन होती ते बाई?" मी विचारलं.

"कोनीच नवती, चंदा. मी आन गोमाजीच होतो."

आंधळगावच्या रेकॉर्डिंगमध्येही ती होती. मला जन्मात सुचला नसता असा अर्थ तिनं सहज सांगितला, आणि मनिष मनापासून हसला. माझ्याजवळ तो शेवटचा असा कधी हसला, ते मला आठवेना. माझा नुसता जळफळाट झाला.

आज दुपारी त्याला न विचारता मी नवं रेकॉर्डिंग लावलं. त्यात म्हातारं कुणीच नव्हतं, नुसत्या बांगड्या वाजत होत्या. मी माझ्या बांगड्या घट्ट धरून बसले, तरी आवाज थांबेना.

मग ती बोलली. आवाज माझाच होता.

"चंदा," ती मनिषच्याच नेमानं म्हणाली. "पयला अर्थ, यायच्यासंगं गावोगाव फिरून राह्यली ते. दुसरा अर्थ, घरी बसून आयकून राह्यली ते."