देवीची वेणी

"हिच्या कमरेवर जन्मापासून काही खूण आहे का? केसांचा झुबका, खळी, गाठ?"

डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, पण बिजलीबाईनं लेकीचा घागरा कमरेशी घट्ट धरला. या बाईला कोणी सांगितलं? तांड्यावरून पांढरकवड्याच्या दवाखान्यात तर दोघी मायलेकीच आल्या होत्या.

"नाई जी," ती म्हणाली.

टेबलावर सात वर्षांची जमनी पडली होती. अंगात ताप, बेंबीखाली पोट मडक्यासारखं फुगलेलं. बाईंनी जरा दाबलं की लघवी ठिबकायची, अन् पोरीला पत्ताच नसायचा. हे रोजचंच होतं. ओल्या घागऱ्याच्या वासानं तांड्यातल्या पोरी तिला खेळात घेत नसत.

"लपवू नकोस, बाई. हिची लघवी पूर्ण सुटत नाही, तुंबते. ती मागं मूत्रपिंडात चढली तर पोर हातची जाईल. मूळ दोष कुठं आहे, तेच शोधते आहे मी."

हातची जाईल! अन् दाखवलं तर राहील थोडीच? जमनी झाली तेव्हा तिच्या कमरेवरचे केस पाहून सासू म्हणाली होती, ही देवीची वेणी. कापायची नाही, परक्याच्या नजरेस पडू द्यायची नाही. पडली की देवी आपलं माणूस परत नेते. इकडे आड, तिकडे विहीर.

"याडी, घर चाल ना," जमनी आईकडे बघत पुटपुटली.

बिजलीबाईनं डोळे पुसले. गाठोडं सोडलं, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि बाईंपुढे धरला.

"हे काय? आत्ता?"

"खा जी. आमच्या घरचं खाल्लं म्हंजे तुमी परक्या नाई राह्यत. पोट्टीची मावशी होता."

बाई सोवळ्या घरातल्या. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग तुकडा तोंडात टाकला.

तेव्हा कुठे बिजलीबाईनं पोरीला कुशीवर वळवलं आणि घागऱ्याची नाडी सैल केली. माकडहाडाच्या वर काळाभोर, वीतभर केसांचा झुबका होता. त्याखाली मऊ गाठ. बाईंनी पोरीच्या तळपायाला टाचणी टोचली. जमनीनं पाय हलवला नाही. ती खिडकीतून सडकेवरचे ट्रक पाहत होती.

बाईंचा घास तोंडातच राहिला.

"दोष पाठीच्या कण्यात आहे. नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आजच."

बिजलीबाईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"मंग तुमीबी संग चाला जी. मले लय भेव लागून राह्यलं. आता देवीनं पोट्टी मागितली, तं मी एकटी तिले कशी पुरी पडू? तुमीबी तिच्या आडव्या या. मावशी झाल्या ना तुमी!"