तसबिरीतली अळंबी

शीळच्या डोंगरातली कुठली अळंबी खायची नि कुठली टाकायची, हे रतननं तीन पावसाळे रावसाहेबांना रानोमाळ फिरवून, एकेक उपटून, उलटी करून दाखवलं. रावसाहेबांनी कॅमेऱ्यानं त्यांच्या काळ्या-पांढऱ्या तसबिरी काढून जाडजूड बाड बांधलं. आणि बाड बांधून होताच, आपल्या रानातली अळंबी चोरली म्हणून रतनच्या नवऱ्याची, सहदेवची, पाठ चाबकानं सोलून काढली. तो महिनाभरही जगला नाही.

“आता तुझी गरज नाही. सगळं यात आहे,” बाडावर थाप मारत त्यांनी तिला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात ते एकटेच रानात गेले. परतताना पायवाटेवर रतन दिसली, तशी त्यांनी भरलेली टोपली तिच्यापुढे धरली. “आज माझ्या पानात हीच. बघ, तसबिरीतल्यासारखीच आहे की नाही?”

रतननं एक अळंबी उचलून उलटी केली. खायच्या अळंबीला खालून गुलाबी झाक असते. हिला हिरवी होती. तसबिरीत दोन्ही काळ्याच.

“थेट तशीच हाय, रावसायेब,” ती म्हणाली, आणि अळंबी हळूच परत टोपलीत ठेवली.