पेशंट एकच

काकांना आज बोलता बोलता सारखी पेंग येत होती. ऑपरेशनचा शीण असेल, असं समजून पुतणी खाटेशेजारी बसून आपलंच घोडं दामटत होती. इस्पितळातल्या सगळ्या पंपांना पेशंटच्या वजनावरून औषधाचं प्रमाण सांगणारी आज्ञावल्यांची लायब्ररी काकांनी तरुणपणी सी या संगणकभाषेत लिहिली होती. तिच्यावर पुतणीने रस्ट या नव्या भाषेतलं नवंकोरं वेष्टण चढवलं होतं, आणि ते आज सकाळीच सुरू झालं होतं.

"पेशंटची नोंद वापरून झाली, की मेमरीतली तिची जागा कोण मोकळी करतं?" काकांनी विचारलं.

"माझं वेष्टण. आपोआप! तुमच्यासारखं विसरायची भानगडच नाही."

काकांनी खाडकन डोळे उघडले. "अगं, ती नोंद लायब्ररी नुसती बघायला देते. मालकी लायब्ररीचीच राहते. तू जागा मोकळी केलीस, तरी ती तिथेच वाचत बसणार."

"मग तिथे तिला काय सापडेल?"

"नंतर दाखल झालेला पेशंट. चाचणी किती पेशंट घेऊन केलीस?"

"एकच," ती पुटपुटली.

काकांच्या पापण्या पुन्हा मिटल्या. पुतणीने मान वर करून त्यांच्या पंपाकडे पाहिलं. गुंगीचं औषध थेंब थेंब उतरत होतं आणि पडद्यावर पेशंटचं वजन दिसत होतं, एकशे चार किलो. काका कधी पन्नासच्या वर गेले नव्हते. समोरच्या खाटेवर, तासाभरापूर्वी आणलेला पैलवान कण्हला.

"काका!"

या वेळी त्यांनी डोळे उघडले नाहीत.